अळणी पेज

नारळी-पोफळींच्या हिरव्यागार सावलीत, समुद्राला अगदी खेटून तुळसाचं इवलंसं घर होतं. त्या घरात पेजेत मीठ घालतच नसत. घालायचं कशाला? विहिरीचं पाणीच खारट झालं होतं! त्या पाण्याने आयेची केशरी आबोली करपत चालली होती, आणि आबोलीचे गजरे विकूनच तर दोघींचं पोट भरायचं.

"विहीर आणखी खोल खणूया!" त्याच विहिरीवर पाणी भरणारे शेजारचे दाजीकाका म्हणाले आणि पहार आणायला गेले.

तुळसा विहिरीवर गेली, तर काठावर एक चिमुकली परी मलूल पडलेली. तिच्या मोरपंखी पंखांवर मिठाचे कण चिकटले होते. अगं बाई, केवढीशी ती! तुळसाने स्वतःसाठी राखलेलं घोटभर शहाळ्याचं पाणी तिला पाजलं. पंख लुकलुक लुकलुक करू लागले.

"माग बाळ, काय हवं ते."

"विहिरीला गोडं पाणी दे ना गं!"

परी हसली. "पाणी तर पाऊस देतो, तुम्हीच ते वाहून जाऊ देता. आणि विहीर खोल खणलीत तर समुद्र आणखी आत शिरेल. ही रुपेरी झारी घे. हिच्यातलं प्यायचं नाही, विहिरीत ओतायचं नाही. जमिनीवर ओतून बघ, आणि जिने प्यायलेलं पाणी विहिरीला पोचेल, ती जमीन शोध. पावसाचं पाणी तिथे अडव."

घसा कोरडा पडला होता, तरी तुळसाने झारीला ओठ लावला नाही. काळ्या कातळावर पाणी ओतलं, ते घरंगळून गेलं. खाडीकाठच्या चिखलात ते नुसतं साचलं. समुद्रकाठच्या सोनेरी वाळूच्या पुळणीने ते झटकन प्यायलं, तशी तुळसा टाळ्या पिटू लागली.

"इथलं पाणी समुद्राच्या पोटात जातं गं वेडे," मागोमाग उडत आलेली परी म्हणाली. "विहिरीच्या वरच्या अंगाला बघ."

वरच्या अंगाला होता आबोलीचा वाफा. तिथल्या भुसभुशीत मातीने पाणी गटागटा गिळलं. तुळसाला रडूच कोसळलं. आता पाणी अडवायला आबोली उपटून खड्डा खणायचा?

आयेने सगळं ऐकलं आणि कुदळ उचलली. "आबोली पुन्हा लावू गो."

"फुलांच्या वाफ्यात खड्डा? खुळ्या की काय!" दाजीकाका करवादले. पण मायलेकींचे डोळे बघून त्यांनी पहार खाली ठेवली. "बरं, एक पावसाळा थांबतो."

खड्डा खणून झाला. झारी विरघळली, परी खड्ड्यावर एकदा गिरकी घेऊन लखलखत्या उजेडात नाहीशी झाली. पावसाळाभर वाडीतलं पाणी त्या खड्ड्यात येत राहिलं, मुरत राहिलं. गजऱ्यांवाचून दोघींनी कसेबसे दिवस काढले.

मग एका उन्हाळी सकाळी तुळसाने पेजेचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आये, पेज अळणी आहे!"

आयेने चाखून पाहिली. तिचे डोळे भरून आले. "मीठ आण गो बयो, मीठ!"

पण घरात मीठ होतंच कुठे? तुळसा वाटी घेऊन शेजारी धावली, तर दाजीकाकाच वाटी घेऊन समोरून येत होते.

"तुळसा, चिमूटभर मीठ आहे का गो?"