वाटाड्याचा कोरडा पटका

एका गावात एक वाटाड्या होता. गावाचं नाव विचारू नका, सांगितलं तर तिथले लोक काठ्या घेऊन येतील, आणि माझे गुडघे आता पळण्याचे राहिले नाहीत.

गाव समुद्राकाठी. तांदूळ मिळायचा तो कड्यापलीकडच्या बाजारात. कड्याच्या कमरेवरून एक पायवाट जायची. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. मधोमध खडकाचं एक टोक डोक्याच्या उंचीवर बाहेर आलेलं. त्याला म्हणत सासूचं नाक. कुणाच्या सासूचं? ज्याला त्याला आपल्याच सासूचं वाटायचं.

मोकळा माणूस नाकाखालून अंग चोरून जाई. पण बायकांच्या डोक्यावर सुक्या मासळीची पाटी. पाटी नाकाला अडे, म्हणून त्या तिथे एक पाऊल समुद्राकडे सरकत.

यासाठीच गावाची जुनी रीत होती. वादळ झालं की वाटाड्याने ओल्या वाळूने भरलेली पाटी डोक्यावर घ्यायची, वाट जाऊन-येऊन चालायची, आणि मग वाटेच्या तोंडाशी हिरवा डहाळा बांधायचा. डहाळा दिसला की वाट खुली.

एका वर्षी पाच दिवस वादळ झालं. सहाव्या दिवशी आभाळ राखेच्या रंगाचं, आणि घरोघरी तांदळाची मडकी पालथी. सगळे वाटाड्याच्या दारात.

पण वाटाड्याला गावाने नुकताच पटका दिला होता. लाल, सात हात लांब, कडक खळीचा. गडी आरशासमोरून हलत नव्हता. (हसू नका. नवी टोपी घातल्यावर तुम्ही काय करता, ते मला माहीत आहे.) ओली वाळू गळणार आणि पटक्याचा चिखल होणार, हे त्याच्या डोक्यात आलं.

त्याने पाटी वाटेच्या पहिल्या वळणावर ठेवली आणि डोक्यावर ओझं न घेताच निघाला. नाकाखालून खडकाला घासत गेला, तसाच परत आला. वाट त्याला घट्ट वाटली. मग वाळू ओतून टाकून, रिकामी पाटी काखेत मारून त्याने डहाळा बांधला.

सगळ्यांत पुढे त्याची थोरली बहीण उभी होती. आई गेल्यावर हिनेच मासळी विकून त्याला वाढवलं. डोक्यावर सुक्या बांगड्यांची भरलेली पाटी.

"वाळू नेली होतीस ना रे?"

"नेली की, आक्का."

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पटका बरा कोरडा राहिला तुझा!"

"मी चालतोच तसा. नवरदेवासारखा."

"नवरदेव म्हणे! आधी मुलगी तर मिळू दे," मागून एक म्हातारी म्हणाली, आणि सगळे खदाखदा हसले. पाटलाचं पोट हललं. आक्काही हसली. पाच दिवसांत गाव पहिल्यांदाच हसत होतं.

वाटाड्याचं तोंड उघडलं. "थांब" हा शब्द जिभेवर होता. पण एवढ्या हसणाऱ्या लोकांपुढे खोटं कबूल करायचं? त्याने तोंड मिटलं.

"येताना तुला गूळ आणते," आक्का म्हणाली आणि निघाली.

नाकापाशी पाटी अडली. ती नेहमीसारखी एक पाऊल समुद्राकडे सरकली. वाटेची ती कड लाटांनी खालून कोरून पोकळ केली होती. वरून मात्र गवतसुद्धा जागच्या जागी होतं. आवाज झाला तोही फार मोठा नाही, जुनी भिंत ढासळावी एवढा.

वाटाड्या धावला. पालथा पडून त्याने डोक्याचा पटका सोडला आणि खाली सोडला. सातही हात सोडला. "आक्का, धर! धर गं!"

खाली पांढरा फेस होता आणि त्यात एक रिकामी पाटी गोल फिरत होती. पटक्याचं टोक वाऱ्यावर हलत राहिलं. ते धरायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. पटका कोरडा आहे हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. त्यामुळे वाटाड्याला शिव्या घालायलाही कुणाचं तोंड वर होईना.

पुढे दर वादळानंतर तो ओल्या वाळूची काठोकाठ भरलेली पाटी घेऊन निघे. पाटीखाली चुंबळ त्याच लाल पटक्याची. नाकापाशी एक पाऊल समुद्राकडे सरकून तो पाय आपटे, एकदा नाही, तीनदा. परत आला की तोंडावरून पाणी ओघळत असे.

"रडतोस काय रे?" एकदा त्या म्हातारीने विचारलं.

"वाळू गळतेय, आजी," तो म्हणाला आणि डहाळा बांधू लागला.



तात्पर्य हवंच ना तुम्हाला? घ्या: दुसऱ्यांसाठी वाट तपासायची तर त्यांचं ओझं आपल्या डोक्यावर घेऊन तपासावी. आणि तपासणाऱ्याचा पटका कोरडा दिसला, तर हसत बसू नये, त्याला परत पाठवावं.