तांडेलाची पेज

एका राज्यात एक नदी होती, एवढी रुंद की पैलतीर डोळ्यांना दिसत नसे. तिच्यावर राजाची थोरली नाव चाले. त्या नावेचा एक रिवाज होता. तांडेल, म्हणजे नावेचा म्होरक्या, राजानं नेमायचा नाही. ज्याच्यापुढं वल्हेकरी आपापली वल्ही ठेवतील, तोच तांडेल. आणि तांडेलानं सगळ्यांना पेज वाढायची, मग आपण प्यायची.

जुना तांडेल वारला. सगळ्यांच्या मनात हैबती होता, कारण ऐन पुरात त्यानंच नाव सुखरूप आणली होती. हैबतीही मनातल्या मनात फेटा बांधून बसला होता. पण राजा शूरकेतूनं सुकाणू दिलं कोणाला? आपल्या मेहुण्याला, मदनपालाला! वल्हं कुठल्या टोकाला धरतात हेही त्या पठ्ठ्याला ठाऊक नव्हतं. तो छत्रीखाली बसे, पहिली पेज आपण ओरपी आणि उशीर झाला की वल्हेकऱ्यांवर खेकसे. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, दुसरं काय!

वल्हेकरी भांडले नाहीत. एक जण नुसता म्हणाला, "मला काय त्याचं!" आणि त्याची बोटं दगडाची झाली. दुसरा तेच म्हणाला, त्याचे दंड दगडाचे झाले. नाव जड होत गेली आणि एके सकाळी घाटालाच रुतून बसली. हैबतीचा जिवलग सटवाजी तर गळ्यापर्यंत दगड झाला.

रागानं हैबतीच्याही ओठांवर तेच शब्द आले होते. तोच डोलकाठीवरचा खंड्या पक्षी बोलला, "हैबती, जीभ आवर. बोललास की तूही गेलास."

"मग करू काय?"

"रिवाज राजानं मोडला, शाप त्यानंच उतरवायचा. त्याच्यासाठी तीन कामं आहेत. दिवस मावळायच्या आत त्याला घाटावर आण, नाहीतर सटवाजीचा श्वासही दगड होईल."

हैबती धावत दरबारात गेला. सगळं ऐकून राजा हसला. "एवढंच ना? आजपासून तू तांडेल. मदनपालाला दुसरीकडे लावू. पण बोभाटा नको."

ज्याच्यासाठी हैबती जन्मभर झुरला, ते आयतं ताटात आलं होतं. पण डोळ्यांपुढं सटवाजी उभा राहिला.

"महाराज, त्याला मिळालं तसंच मागल्या दारानं मला मिळेल. दगड काही उतरायचे नाहीत. आपण घाटावर चला."

"आणि न आलो तर?"

"तर दगडांवर राज्य करा."

राजा सिंहासनावरून उठला आणि चालू लागला.

खंड्यानं पहिलं काम सांगितलं: वल्हं मार. राजाचे तळहात सोलवटले, नाव तसूभरही हलली नाही, पण वल्हेकऱ्यांची बोटं मोकळी झाली. दुसरं काम: पेज वाढ आणि मागून पी. राजानं वाढली, तसे सगळ्यांचे दंड मोकळे झाले. मग पक्षी म्हणाला, "आता सर्वांदेखत चूक कबूल कर."

इथं गाडं अडलं. रणांगणात न डगमगलेला राजा घाम पुसू लागला. दिवस पाण्याला टेकला. सटवाजीचे डोळे थिजू लागले. हैबतीला राहवेना. "महाराज, माझा जिवलग मरतोय हो! बोला ना!"

राजानं मुकुट काढून हातात घेतला. "गड्यांनो, माझं चुकलं. मी नातं पाहिलं, काम पाहिलं नाही. रिवाज मोडला."

सटवाजीच्या अंगावरून दगड खळाखळा गळून पडला. त्यानं छातीभर श्वास घेतला आणि पहिली शिवी मदनपालाला हासडली.

मग रिवाजाप्रमाणं झालं. सगळी वल्ही हैबतीपुढं येऊन पडली. मदनपालाला नावेतलं पाणी उपसायला बसवलं आणि राजानं चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी नाव पैलतीराला लागली. हैबतीनं सगळ्यांना पेज वाढली, मदनपालालाही. आपल्या वाटणीला पाहतो तर मडक्यात घोटभरच उरली होती. सटवाजीनं आपलं अर्धं भरलेलं वाडगं त्याच्यापुढं सरकवलं.

"पी रे, तांडेला."

हैबतीनं डोळे पुसले आणि वाडगं तोंडाला लावलं. तांडेल शेवटी जेवला, पण उपाशी राहिला नाही. त्याची नाव तरली, तशी ऐकणाऱ्यांचीही तरो.