सूर्याची गैरहजेरी

त्या खोऱ्यात जे काही शिजे, फिरे किंवा उजळे ते कोळशावर, आणि कोळसा निघे एका अस्वलाच्या गुहेखालून. म्हणून ते अस्वल राजा होते. त्याला सगळे दाजीसाहेब म्हणत. रोज सकाळी जनावरे टोपल्या घेऊन गुहेपुढे रांग लावत, दाजीसाहेबांना मुजरा करत आणि चुलीपुरता कोळसा घेऊन परतत. ज्याची मान कमी लवे, त्याची टोपली अर्धीच भरे.

खोऱ्यातल्या शाळेत मथुबाई नावाची शेळी नव्याने शिकवायला आली. ऊर्जा कुठून येते, हा तिचा पहिला धडा. पिल्लांनी एका सुरात उत्तर दिले, "दाजीसाहेबांकडून!"

मथुबाई त्यांना माळावर घेऊन गेली. तिने काळ्या मडक्यात पाणी भरून ते उन्हात ठेवले. दुपारी मुंगसाच्या पिल्लाने त्यात पंजा घातला आणि ओरडून बाहेर काढला. ओढ्यावर तिने लाकडी चाक बसवले. चाक फिरले, त्याला जोडलेले जाते फिरले, आणि पीठ सांडू लागले. ताडाच्या झापांची मोठी फिरकी विहिरीवर उभारली, तर वाऱ्याने पोहरा वर ओढला.

"बाई, हे सगळं कोण देतं?" सशाच्या पिल्लाने विचारले.

"ऊन, पाणी आणि वारा."

"मग त्यांना मुजरा कुठे करायचा?"

"करावा लागत नाही, बाळा."

हे पिल्लांना खरे वाटेना. पण घरी जाऊन त्यांनी आयांना सांगितले, आणि आयांनी करून पाहिले. महिनाभरात गुहेपुढची रांग निम्मी झाली.

ही बातमी दाजीसाहेबांच्या कानावर घातली दरबारच्या कारभारणीने. ती घोरपड होती. सकाळी कातळावर पडून अंगात ऊब भरल्याखेरीज तिला चालता येत नसे. त्या दिवशीही ती मनसोक्त ऊन खाऊनच दरबारात गेली आणि तिने सूर्याविरुद्ध तक्रार मांडली.

मथुबाईला बोलावणे आले.

"तुमचा सूर्य संध्याकाळी कोणाला विचारून जातो?" दाजीसाहेबांनी दरडावले.

"विचारत नाही, सरकार. पण सकाळी येतो."

"आणि वारा? मनात आलं की येतो, मनात आलं की बसतो. असल्या उडाणटप्पूंच्या हाती मी लेकरं सोपवू?"

"पोहरा तर वर आला, सरकार," मथुबाई म्हणाली.

तेव्हा दरबाराने न्याय करायचे ठरवले. सूर्य, वारा आणि पाणी यांनी भर दुपारी हजर राहून आपली लायकी सिद्ध करावी, असा हुकूम सुटला. त्याच दिवशी पहाटेपासून गुहेतल्या सगळ्या भट्ट्यांत ओला कोळसा टाकला गेला. धूर खोऱ्यावर झाकणासारखा बसला. भट्ट्यांची राख ओढ्यात लोटली, तसे चाक रुतले.

दुपारी गुहेपुढच्या अंगणात दरबार भरला आणि घोरपडीने सूर्याचा तीनदा पुकारा केला. कोणी दिसले नाही.

"गैरहजर!" दाजीसाहेब खोकत म्हणाले.

पाणी आले होते, पण त्याने काम केले नाही, म्हणून ते आळशी ठरले. वारा मात्र वेळेवर आला. त्याने दाजीसाहेबांची पगडी उडवली आणि धुराला एक भोक पाडले. त्यातून उन्हाची तिरीप थेट सिंहासनावर पडली. घोरपडीने घाईघाईने दरबार बरखास्त केला. वाऱ्यावर बेअदबीचा ठपका आला, आणि फिरकी मोडून भट्टीत घातली गेली.

मथुबाईला काढले नाही. दाजीसाहेब दयाळू होते. शेजारच्या राज्यांतून पाहुणे येत आणि मुलांना सूर्य शिकवता का, असे विचारत, म्हणून तो धडाही ठेवला. फक्त तो वर्गात शिकवायचा, काजळी आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून. सोडून जावे असे मथुबाईला अनेकदा वाटले. पण पिल्ले खोकत, आणि त्यांची पाठ चोळायला दुसरे कोणी नव्हते.

भट्ट्या पुढे विझल्याच नाहीत. काही वर्षांनी, धुराखालीच जन्मलेली पिल्ले शाळेत आली, तेव्हा घोरपड तपासणीला आली. आता ती भट्टीजवळ निजत असे आणि चांगली लठ्ठ झाली होती.

"सूर्य काढून दाखवा," तिने फर्मावले.

माळावर रंगापुरतीही फुले उरली नव्हती. दाजीसाहेबांच्या कृपेने प्रत्येक पिल्लाला कोळशाचा एकेक तुकडा मिळाला. पिल्ले चुन्याच्या भिंतीकडे वळली. मथुबाई खोकणाऱ्या एका पिल्लाची पाठ चोळू लागली.

थोड्या वेळाने भिंतीवर काळ्या, गरगरीत सूर्यांची रांग उभी राहिली. घोरपड एकेकापुढे थांबत गेली.

"हुबेहूब," ती म्हणाली. "अगदी हुबेहूब!"

बाकीच्यांनी कोळसे खाली ठेवले. सशाचे सर्वांत धाकटे पिल्लू तेवढे जीभ बाहेर काढून अजून घासत होते.

"झालंच, बाई," ते म्हणाले, "मध्ये थोडं पांढरं राहिलंय."