रंगावरची मिठी

भिंतीतल्या वस्तू बोलत असत, आणि नको तेवढं बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. मंजुळाकाकूंच्या नव्या घराची वास्तुशांत होती. त्या घाईत न्हाणीघरातल्या लोखंडी पाइपाला आधी चंदेरी रंग फासला आणि त्या रंगावरच अर्थिंगची तार गुंडाळली.

वायरमन मीटर घेऊन तपासायला आला. मीटरने एक टोक तारेला लावलं, दुसरं पाइपाच्या टोकाच्या, रंग न लागलेल्या आट्यांना. काटा जागचा हलला नाही.

"तुमचा एकमेकांशी काही संबंध नाही," मीटर म्हणाला.

तार भडकली. "डोळे फुटले का तुझे? घट्ट वेढे घालून बसलेय मी!"

"रंगाला घातलेस, बाई, पाइपाला नाही! रंगातून वीज जात नाही. उद्या पाइपात वीज उतरली, तर ती जमिनीत कोण नेणार? नळाला हात लावणाऱ्याचं काय? बोटभर रंग खरवडा, एवढंच म्हणतोय."

"खरवडा?" पाइप किंचाळला. "उद्या पाहुणे येणार!"

"ते काय तुला ओवाळायला येणार आहेत?" मीटरला कपाळ असतं तर त्याने बडवून घेतलं असतं.

वायरमनने खरवडायला कानस उचलली. "राहू दे रे आता," काकू म्हणाल्या. "पूजा झाल्यावर बघू."

पूजा झाली, पाहुणे गेले, खरवडायचं राहिलंच. एका सकाळी गिझर बिघडला आणि पाइपात वीज उतरली.

"घे गं, लवकर घे!" पाइप ओरडला.

"दे ना मग!" तारही ओरडली. ती अजून त्याला घट्ट धरून होती.

बाहेर काकूंच्या बांगड्या वाजल्या, आणि न्हाणीघराची कडी निघाली.