म्हातारीला विचार

एका डोंगराच्या उतारावरल्या जंगलात, जुन्या आंब्याच्या ढोलीत एक खार राहत असे. सगळे तिला खारूताई म्हणत. तिच्या घराला खिडक्या होत्या. खारीच्या घराला कुठल्या खिडक्या, असं तुमच्यातला एखादा शहाणा विचारेलच. त्याने आधी झाडावर चढून बघावं आणि मग बोलावं. खिडक्या होत्या, आणि त्याही शिसवाच्या. तिच्या आजेसासऱ्यांनी दातांनी कोरून घडवलेल्या, काळ्याभोर, जड, लावल्या की ठप्प बसणाऱ्या. लग्न होऊन आली तेव्हापासून खारूताई त्या रोज शेपटीने पुसायची आणि आल्यागेल्याला दाखवायची. "आमच्या खिडक्या शिसवी आहेत हो," असं म्हणताना तिची शेपटी आपोआप वर व्हायची. मला विचाराल तर त्यात काही चूक नव्हतं. चांगल्या वस्तूचा अभिमान वाटायलाच हवा.

पण त्या वर्षी पौषात थंडी अशी पडली की दवसुद्धा पानावर बसायला बिचकत होतं. खारूताईची पिल्लं अजून लहान, अंगावर नीट लवही आलेली नाही. रात्र झाली की कुठून तरी गार वारा घरात शिरायचा आणि पिल्लं एकमेकांच्या पोटाखाली तोंड खुपसून कुडकुडायची. सगळ्यात धाकटं तर शिंकून शिंकून दमलं. खारूताई खिडक्या ओढून ओढून लावायची, तरी वारा यायचाच. आता घरात वारा कुठून येणार? खिडकीतून. असं तिला वाटलं, तुम्हांलाही वाटलंच असेल.

त्यातच शेजारच्या झाडावरल्या शेकरूने नव्या खिडक्या बसवून घेतल्या. सावरीच्या पांढऱ्याशुभ्र लाकडाच्या, लांबून चमकणाऱ्या. ती फांदीवर बसून म्हणाली, "अगं खारू, अजून त्याच काळ्या खिडक्या? तुझं घर किती म्हातारं दिसतं बाई." हा शब्द खारूताईला लागला. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या खिडक्यांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सुतारपक्षी आला. डोक्यावर लाल तुरा, मान ताठ, चालण्यात ऐट. त्याने सगळीकडे चोच ठोकून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "ताई, काळ बदलला. सगळ्या काढून नव्या बसवू. शेकरूकडे बसवल्या तशाच. वारा नावालाही उरणार नाही."

"आणि द्यायचं काय?" खारूताईने विचारलं.

"फार नाही. तुमच्या कोठारात चारोळी आहे ना, ती सगळी."

ती चारोळी खारूताईने गेल्या उन्हाळ्यात एकेक दाणा गालात भरून आणली होती. वैशाखात चाराची झाडं पुन्हा फळली की नवी मिळणार, तोवर पिल्लांना तीच पुरवायची होती. दिली तर पिल्लं उपाशी, नाही दिली तर पिल्लं गारठणार. "उद्या सांगते," असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं आणि ती तडक झाडाखाली उतरली.

झाडाच्या मुळाशी बिळात एक वयस्कर साळिंदर राहत असे. बोलायला कंजूष. एक शब्द पुरत असेल तर दुसरा खर्चणार नाही. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खर्च करण्याआधी म्हातारीला विचार. वारा कुठून येतो ते तीच सांगते." एवढं बोलून तो बिळात शिरला.

खारूताईने मनाशी हिशेब जुळवला. जंगलात सगळ्यात म्हातारी कोण? पाणवठ्यावरची वानरीण. ती धावत गेली, पाया पडली, आणि म्हातारीला मोठ्या मानाने घरी घेऊन आली. वानरीण ढोलीत काही मावेना. ती शेपटी आत आणि अंग बाहेर अशी फांदीवर बसली, पाहुणचाराची चारोळी सावकाश चावून खाल्ली, परत मागितली, तीही खाल्ली. मग म्हणाली, "आमच्या वेळेला खिडक्याच नव्हत्या बाई. घरंही नव्हती. तरी आम्ही एवढे झालो." आणि पोट चोळत निघून गेली. खारूताईला रडू यायचं तेवढं बाकी होतं. चारोळी कमी झाली आणि उत्तर काही मिळालं नाही.

इतक्यात पिल्लं ओरडू लागली, "म्हातारी! आई, म्हातारी आली!"

"गेली रे ती, आत्ताच गेली," खारूताई वैतागून म्हणाली.

"ती नाही, ही बघ."

वानरीण येताना रुईच्या झुडपातून आली होती. तिच्या शेपटीला रुईच्या बोंडातली एक म्हातारी चिकटली होती. पांढरी, मऊ, फुंकर घातली तरी उडणारी. ती आता घरभर तरंगत होती. खारूताई बघतच राहिली. साळिंदराला कोणती म्हातारी म्हणायची होती हे तिच्या लक्षात आलं आणि ती स्वतःशीच हसली. मग मात्र तिने श्वास रोखला आणि त्या पांढऱ्या म्हातारीच्या मागे मागे फिरू लागली.

म्हातारी पूर्वेच्या खिडकीशी गेली. शिसवी फळीपुढे ती शांत उभी राहिली, जराही हलली नाही. पण चौकटीच्या कडेला गेली आणि थरथरू लागली. खारूताईने नाक लावून पाहिलं. चौकट आणि खोड यांच्यामध्ये आजेसासऱ्यांनी भरलेली माती कधीच गळून पडली होती आणि तिथे बोटभर फट होती. उत्तरेच्या खिडकीचंही तेच. दरीकडच्या खिडकीपाशी मात्र म्हातारी एकदम मागे फेकली गेली. त्या खिडकीचं लाकूड भुंगेऱ्यांनी आतून पोखरून खाल्लं होतं. पंजा लावला तर भुगा हातात आला.

दुसऱ्या दिवशी सुतारपक्षी चारोळी न्यायला आला. खारूताई दारातच उभी होती. "दादा, एकच खिडकी. दरीकडची. तिच्यापुरती चारोळी काढून ठेवलीय."

"एक पांढरी आणि बाकीच्या काळ्या? लोक हसतील, ताई."

"हसू देत. हसणाऱ्यांना माझी पिल्लं पोसायची नाहीत. आणि बाकीच्या खिडक्या एकदा नीट ठोकून बघा. काल तुम्ही नुसतं ठोकल्यासारखं केलंत."

सुतारपक्षी जरा वरमला. त्याने पूर्वेच्या खिडकीवर जोरात चोच मारली. चोच उसळून मागे आली, खिडकीवर ओरखडाही आला नाही. त्याने त्या लाकडावरून पंख फिरवला. अखेर तोही कारागीरच. "कुणाचं काम हे?" त्याने हळूच विचारलं.

"आमच्या आजेसासऱ्यांचं," खारूताई म्हणाली, आणि तिची शेपटी पुन्हा वर गेली.

सुतारपक्ष्याने दरीकडची खिडकी मन लावून बनवली. खारूताईने वारुळाची माती आणली, तीत धावड्याचा डिंक कालवला आणि सगळ्या चौकटींच्या फटी भरून काढल्या. त्या रात्री पिल्लं पाय पसरून झोपली. धाकटं शिंकलं नाही.

फाल्गुनात एका संध्याकाळी शेकरू आली. शेपटीचा झुपका उतरलेला, डोळे खोल गेलेले. "खारू, थोडी चारोळी देशील का? आमचं कोठार रिकामं झालंय. आणि खरं सांगू, घरात अजून वारा येतो." बोलता बोलता ती थांबली. तिने आजूबाजूला पाहिलं. "तुझ्याकडे किती ऊब आहे गं. कोणी घडवल्या गं या खिडक्या?"

खारूताईला उत्तर पाठच होतं. ते तिने भरपूर ऐटीत दिलं, आजेसासऱ्यांपासून शिसवापर्यंत, एक अक्षरही न गाळता. तिचा तो हक्कच होता. मग तिने खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे कोळ्याच्या धाग्याला एक रुईची म्हातारी टांगली होती. अगदी स्तब्ध.

"ही का हलत नाही?" शेकरूने विचारलं.

"तिला सांगण्यासारखं काही उरलं नाही म्हणून," खारूताई म्हणाली. तिने शेकरूच्या ओंजळीत चारोळी भरली, धागा सोडून म्हातारीही वर ठेवली आणि म्हणाली, "जपून ने. आधी हिला विचार, मग सुताराला बोलाव."

तात्पर्य : घरात वारा शिरला तर आधी फट शोधावी. जे कुजलं आहे ते खुशाल बदलावं, पण जे भक्कम आहे ते केवळ जुनं दिसतं म्हणून मोडू नये, अभिमानाने राखावं.