घाण्याच्या बैलानं पाहिलेली दिवाळी

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हाच्या डोंगरांच्या झिजून आता टेकड्या झाल्या. त्या काळी जनावरं बोलायची. माणसांना ऐकायची सवय होती म्हणून बोलायची. पोरांनो, हसू नका. आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा कान द्या.

चहूबाजूंनी डोंगर आणि मधल्या खोलगटात बारा वाड्या, असा एक मुलूख होता. बाराही वाड्यांना मिळून तेलाचा घाणा एकच, आणि तो एका तेलीणबाईचा. तिचा नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणसाला घाणा झेपायचा नाही. ती म्हणाली, "घाणा बैल ओढतो. बैलाला झेपतंय." तिथंच तो विषय संपला.

बैलाचं नाव कोसा. सकाळी त्याच्या डोळ्यांवर झापडं बांधायची, की तो सांजेपर्यंत घाण्याभोवती गोल फिरायचा आणि बाई त्याच्या मागून फिरायची. झापडं का, तर सारखं गोल फिरून बैलाला चक्कर येते. बाईला कुणी झापडं बांधली नव्हती. तिला चक्कर यायला सवडच नव्हती.

दिवाळीत तर विचारू नका. वाड्यावाड्यांतून माणसं बुधले घेऊन यायची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी उन्हं कलेपर्यंत घाणा करकरत राहायचा. शेवटचा बुधला भरून दिला, की बाई पेंडीच्या पोत्याला पाठ टेकायची आणि तिथंच तिचा डोळा लागायचा. कोसा उभ्या उभ्या पेंगायचा. बाहेर दिवे लागायचे आणि विझायचे. ह्या दोघांना त्याचा पत्ता नसायचा. अशा सोळा दिवाळ्या गेल्या.

एका वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोसा फिरता फिरता म्हणाला, "माय, एक विचारू?"

"विचार. पण थांबू नकोस."

तो थांबलाच. "हे तेल जातं कुठं?"

"दारातून बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"दिवे लावतात म्हणे लोक."

"तू पाहिलेस?"

"मला कुठली सवड रे मेल्या?"

कोशानं पुढचा पाय उचलला आणि जपून टेकला. मग म्हणाला, "माझा पुढचा गुडघा आता वाकत नाही, माय. पुढच्या वर्षीची दिवाळी काही मी बघत नाही. एवढा फिरलो तो कशासाठी, ते एकदा डोळ्यांनी दाखव. मग म्हणशील तिथं बसव."

बाई रडली नाही. तिनं पदर खोचला आणि दारात उभं राहून बाराही वाड्यांना निरोप धाडला, "यंदा धनत्रयोदशीला घाणा बंद होईल. तेल त्याच्या आत न्या. उशिरा येईल त्यानं अंधारात बसावं. मी आणि माझा बैल दिवाळी बघायला जाणार आहोत."

आता जायचं कुठं? ते तर तिला ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, आणि विचारलं तर सगळ्यांनाच सगळं ठाऊक होतं.

गुरव म्हणाला, "डोंगरावरच्या देवळात जा. तिथली दीपमाळ ताडाएवढी आहे. पण वर जायला पायऱ्या नऊशे."

"बैलाचा गुडघा वाकत नाही."

"मग बैलाला खाली बांध."

"त्यालाच तर दाखवायचंय. तुम्हाला खाली बांधू?" बाई म्हणाली, आणि पुढं गेली.

वाणी म्हणाला, "घाटावर जा. द्रोणात दिवे ठेवून नदीत सोडतात. बघत राहावंसं वाटतं."

"आणि पुढं त्यांचं काय होतं?"

"वाहून जातात की."

बाईला ते काही रुचलं नाही. तिचं तेल सोळा वर्षं असंच वाहून गेलं होतं.

शेवटी कासारीण आली. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती सगळा मुलूख फिरायची. ती म्हणाली, "अगं, दिवाळी बघावी तर राजधानीत. राजवाड्याच्या एका भिंतीवर हजार पणत्या. त्या उजेडात म्हाताऱ्या सुईत दोरा ओवतात. एका दिवसाची वाट आहे. वेशीतून बाहेर पड आणि नाकासमोर सरळ चालत राहा. कुठंही वळू नकोस."

"सरळ?"

"सरळ."

बाई कोशाला म्हणाली, "ऐकलंस ना? सरळ."

कोसा म्हणाला, "ते मला येतं."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तांबडं फुटायला दोघं निघाले. वेशीबाहेर आल्यावर बाईनं कोशाची झापडं सोडली. उघड्या डोळ्यांनी त्यानं एवढं मोठं आभाळ कधी पाहिलं नव्हतं. तो जागीच अडला. बाई म्हणाली, "तू चाल. मी मागून येते. आजवर तेच केलंय."

आणि कोसा सरळ चालू लागला.

आता ऐका, गंमत कशी झाली. वाटेला पहिला फाटा आला. कोसा उजवीकडं वळला. दुसऱ्या फाट्यालाही उजवीकडं वळला, आणि तिसऱ्यालाही. जन्मभर तो घाणा उजव्या अंगाला ठेवून चालला होता. त्याचं सरळ म्हणजे तेच. आणि मागून चालणाऱ्या बाईचे पायही त्याच घडणीचे. तिला कुठंच वळल्यासारखं वाटलं नाही. ऊन कधी तोंडावर येई, कधी पाठीवर. घाण्याच्या झरोक्यातलं ऊनही तसंच यायचं, त्यामुळं त्यातही तिला काही वावगं दिसलं नाही.

दिवसभर चालले. चढण लागली. कोसा दुखरा पाय ओढत होता आणि बाई म्हणत होती, "थोडं राहिलं, बाबा. राजधानी उंचावर असणारच." दिवस मावळताना दोघं एका माथ्यावर पोचले. तिथं एक धनगरीण मेंढरं बसवत होती.

बाईनं खाली पाहिलं, आणि जागच्या जागी उभी राहिली.

खाली अंधार साचत होता आणि त्या अंधारात दिवे उमलत होते. आधी एक, मग चार, मग मोजायचं सुचेना. उंबऱ्यांवर दिवे, तुळशीपुढं दिवे, गोठ्यात, विहिरीच्या काठावर, शेताच्या बांधावर. वळणावळणानं ओळी पुढं जात होत्या आणि एकमेकींना मिळत होत्या. अमावास्येचं आभाळ चांदण्यांनी भरलं होतं, पण खालचं आभाळ वरच्याहून दाट झालं. वारा आला की सगळा उजेड एकदम श्वास घेतल्यासारखा हलायचा. बाईच्या अंगावर काटा आला. तिचे हात आपोआप जोडले गेले. कोशानं मान वर केली आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत तो सगळा मुलूख लुकलुकू लागला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग बाई हळूच म्हणाली, "बाई गं, ही राजधानी कुठल्या राजाची?"

धनगरीण तिच्याकडं बघतच राहिली. "राजधानी? उन्हात फिरून डोकं फिरलंय का तुझं? त्या बारा वाड्या. ती कुंभारांची. तो पाणवठा. सकाळपासून मी बघतेय, तू आणि तुझा बैल ह्या वाड्यांना प्रदक्षिणा घालताय. नवस असेल म्हणून मी हटकलं नाही."

जिथं जन्म काढला तो मुलूख तिला ओळखू आला नव्हता. कधी लांबून पाहिलाच नव्हता, तर ओळखणार कसा?

"आणि मधे तो काळा ठिपका कसला?" कोशानं विचारलं. "सगळे दिवे त्याच्या भोवतीनं आहेत. तिथंच नाही."

धनगरीण म्हणाली, "तो तेलाचा घाणा. तिथं कधीच दिवा नसतो. दर दिवाळीला मी बघते."

कोसा बराच वेळ त्या काळ्या ठिपक्याकडं बघत राहिला. "मी तिथं फिरत होतो तर," तो म्हणाला. "आणि त्या तेलाचा उजेड इथवर आला."

तेवढ्यात त्या काळ्या ठिपक्यात एक दिवा लागला. एवढासा. मग त्याच्याशेजारी दुसरा. बाई आता मात्र खाली बसली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी दोघं परत आले, तर दारात कासारीण वातीला तेल घालत बसलेली. मान वर न करता ती म्हणाली, "काल तू नव्हतीस, म्हणून तुझ्या दाराकडं बघितलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा. लाज वाटली गं, दिवा लावला. गुरव आला, वाणीही आला." मग म्हणाली, "राजधानी कशी होती?"

"सांगितलीस त्याहून मोठी होती," बाई म्हणाली. "वात पुढं सार. तेल सांडतंय, आणि ते माझं आहे."

कोशाला तिनं पुन्हा घाण्याला जुंपलं नाही. पण तो रोज सकाळी आपण होऊन यायचा आणि उघड्या डोळ्यांनी एक फेरा मारून जायचा. बाईनं विचारलं, "चक्कर नाही येत?" तो म्हणाला, "आता कशाभोवती फिरतोय ते दिसतं ना." पुढच्या पोळ्यापर्यंत तो होता. मग गेला. त्याच्यामागून जो बैल आला, त्याला बाईनं आधी माथ्यावर नेलं, मुलूख दाखवला आणि मगच घाण्याला जुंपलं. झापडं तिनं चुलीत घातली. तेव्हापासून बारा वाड्यांत दिवाळीचा पहिला दिवा घाण्याच्या दारात लागायचा. तो लागल्याशिवाय राजानं सांगितलं असतं तरी कुणी दुसरा लावला नसता.

म्हणून सांगते, परक्या मुलखाची रोषणाई बघायला खुशाल जा, पण त्याआधी आपल्या घामाचा उजेड कुठवर पोचला आहे, ते एकदा लांब उभं राहून बघून या.