झारेच्येत टाळ्या का वाजत नाहीत

रशियातल्या झारेच्ये गावच्या सभागृहात एक ठरावीक वाद्यरचना संपली की कुणी टाळ्या वाजवत नाही. लोक कोट उचलतात आणि पाय न वाजवता बाहेर पडतात. नव्या पाहुण्यांचे हात वर जातात, तेव्हा दारावरच्या अग्राफेना आजी ते हळूच खाली करतात आणि बाहेर पायरीवर बसून ही हकीकत सांगतात.

फार पूर्वी या गावात उस्तिन्या नावाची बाई राहायची, असं सांगतात. तिचं पहिलंच मूल, मित्या. त्याला झोप म्हणून नव्हती. दात येत होते, की पोट दुखत होतं, की आपणच कुठे कमी पडत होतो, तिला कळेना. सासू चुलीपाशी बसून म्हणायची, "माझी पोरं नुसती पाळण्यात टाकली की झोपायची." उस्तिन्या आपल्या आईची अंगाई पुन्हा पुन्हा गायची. मित्या पेंगायचा आणि पाळणा थांबला की टक्क डोळे उघडायचा.

त्याच सुमारास राजधानीतले एक संगीतकार गावोगावची लोकगीतं टिपून घेत तिथे आले. खिडकीतून अंगाई ऐकू आली तसे आत शिरले. त्यांना चाल हवी होती, पोराला आई. तिनं दोन ओळी गायल्या की मित्या भोकाड पसरायचा, आणि साहेब म्हणायचे, परत पहिल्यापासून. पुढं काय, पुढं काय, असा त्यांनी धोशा लावला.

"पुढचं मला ठाऊक नाही," उस्तिन्या शेवटी वैतागून म्हणाली. "आई तिथवर यायच्या आत मी झोपलेली असायचे."

शेवट नसलेलं गाणं साहेबांना पटेना. शेवटाचं मी बघतो, म्हणून ते निघून गेले.

पुढच्या हिवाळ्यात ते त्या अंगाईवरून केलेली रचना वाजवायला वाद्यवृंद घेऊन गावच्या सभागृहात आले. उस्तिन्या पोराला शालीत गुंडाळूनच गेली. मागे सासू होतीच. तिची अंगाई व्हायोलिनांवर सुरू झाली, बासरीकडे गेली, मग चेलोंनी ती खालच्या सुरात उचलली. एवढी माणसं मिळून आपलं पोर निजवताहेत, असं तिला वाटलं. आणि मित्या खरंच झोपला, कधी नव्हे इतका गाढ. सासूनं वाकून पाहिलं आणि त्याच्या अंगावरची शाल सारखी केली. उस्तिन्याचे खांदे सैल झाले, तोच साहेबांचा शेवट आला: ढोल, झांजा, तुताऱ्या, वर टाळ्यांचा कडकडाट. मित्या किंचाळत उठला.

चारचौघांत कधी तोंड न उघडलेली उस्तिन्या उभी राहिली. "साहेब, एवढी माणसं लावून निजवलंत, ते असं उठवायला?"

साहेबांनी टाळ्या हातानंच थांबवल्या, म्हणे. मग त्यांनी रचना पुन्हा सुरू केली आणि शेवट जवळ येताच झांजवाल्याला मानेनंच नको म्हटलं. वाद्यं एकेक करून थांबली. एकटं व्हायोलिन उरलं, तेही ओळ अर्धी सोडून थांबलं. मित्या झोपला होता. उस्तिन्याही, बसल्या जागी. सासूनं तिच्या मांडीवरून मूल अलगद उचललं आणि सभागृहाकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, "आता कुणी टाळी वाजवून तर बघा."

इतरत्र ती रचना ढोल-झांजांसकट वाजते. झारेच्येत आजही ती ओळ अर्धीच राहते. आजही पहिली रांग तान्ही मुलं घेऊन आलेल्या आयांसाठी असते, आणि त्यातली एखादी बसल्या जागी झोपली, तर ती आपणहून उठेपर्यंत सभागृहातले दिवे कुणी लावत नाही.